दोन तासांत अठरा फोन

भोसरीतलं जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्यांच्या मालावर काम करून देणारं युनिट. चार व्हीएमसी, तीन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी धातू कापायची मशिनं), २७ माणसं, प्रोप्रायटरी म्हणजे एकट्याच्या मालकीची फर्म. शेठ साठीचे, पुढे बघणारं घरात कोणी नाही, म्हणून विकायला काढलेलं. कागद लावून द्यायचं काम आमच्याकडे होतं.

शेठचा किमतीचा हिशोब सरळ होता: वर्षाचा नफा ६२ लाख, गुणिले चार. पण प्रोप्रायटर स्वतःला पगार लावत नाही, स्वतःच्या शेडचं भाडंही लावत नाही. घेणाऱ्याला शेठच्या जागी मॅनेजर लागणार, त्याचे १२ लाख. भाड्याचे ९. खर्चात घुसलेली घरची गाडी आणि विमा, ते ५ लाख परत मिळवले. उरले ४६. म्हणजे किमतीत ६४ लाखांची खोट. शेठ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. (शेड ते विकणार नव्हते, पण प्लॉट एमआयडीसीच्या लीजचा, पोटभाड्यालाही परवानगी लागते. हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.)

घेणाऱ्यांची माणसं आली त्या दिवशी मला भीती होती पीएफची. पटावर १९, बाकीचे ८ ‘कॉन्ट्रॅक्टचे’. पीएफ लागू नये म्हणून पटावरचा आकडा कमी ठेवायची ही जुनी हुशारी गल्लोगल्ली चालते. कॉन्ट्रॅक्टची माणसंही मोजली जातात आणि थकबाकी नव्या मालकाच्याही गळ्यात पडते. तो प्रश्न आला, गेला. घेणाऱ्यांचा माणूस अडकला तो फिक्स्चरच्या, म्हणजे जॉब मशीनवर पकडून ठेवायच्या साच्यांच्या रॅकपाशी. धूळ पुसून एक उचललं आणि विचारलं, "हे कोणाचं?"

शेठ म्हणाले, "आमचंच." यादीत ६४ फिक्स्चर होती. संध्याकाळपर्यंत जुनी चलनं (मालासोबत येणारे कागद) काढून जुळवली, तेव्हा ४१ गिऱ्हाइकांची निघाली. जॉबवर्कला आलेला कच्चा माल जीएसटीत वर्षाच्या आत परत जावा लागतो, म्हणून त्याची नोंद राहते. जिग, फिक्स्चर, डाय यांना ती मुदत नाही. मग ती वर्षानुवर्षं रॅकवर पडतात आणि मालकाला आपलीच वाटायला लागतात.

ती माणसं होती त्या दोन तासांत शेठचा फोन सारखा वाजत होता. इन्सर्ट (कापायचं टोक) कुठला लावू, हा जॉब कितीला घेऊ, गाडी सोडू का. घेणाऱ्यांचा माणूस दर फोनला वहीत उभी रेघ मारत होता. निघताना त्याने वही दाखवली: अठरा. "मशिनं विकताय, का फोन?"

म्हणून आधी भावाचं शीट केलं, शेठना न विचारता भाव काढता यावा असं: मशीनचा ताशी दर, सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ), सेटिंगचा (जॉबसाठी मशीन लावून घ्यायचा) वेळ भागिले बॅचचे नग, टूलिंग म्हणजे हत्यारांचा खर्च, रिजेक्शन. सुपरवायझरला ५० हजारांपर्यंत स्वतः भाव द्यायची मुभा. चाचणीला शेठनी फोनवर दिलेले जुने दहा भाव त्यात घातले. दोन तोट्यात निघाले, दोन्ही सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचे. भाव ५०० नगांच्या बॅचवर ठरला होता. आता ऑर्डर ६०-६० ची येते आणि तीन तासांचं सेटिंग दर वेळी नव्याने करावं लागतं.

शेठनी शीट दोनदा वाचलं आणि थेट त्या गिऱ्हाइकाला फोन लावला. मी म्हटलं, "शेठ, हा फोन सुपरवायझरने करायचाय."

त्यांनी मान डोलावली. फोन कानालाच होता.