तुम्ही विचारलंत म्हणून: घरात सापडलेला जुना क्यू (बिलियर्ड्स खेळायची काठी) किती किमतीचा?

महिन्यातून एकदा तरी कुणीतरी फोटो पाठवतं, काका, बिलियर्ड्सचा जुना क्यू सापडलाय, किती येतील? आणि फोटो नेमका टिपचा, म्हणजे बॉलला लागणाऱ्या टोकाचा असतो. अहो टिप काय, केव्हाही बदलता येते, मला मागची बाजू दाखवा.

आपल्याकडे सापडतात ते बहुतेक इंग्लंडचे, बरोज अँड वॉट्स, थर्स्टन, राइली वगैरे कंपन्यांचे. दांडा अ‍ॅश लाकडाचा, मागे काळं एबनी लाकूड, आणि खरी गंमत दोन्ही भेटतात तिथे. हाताने सांधलेल्या क्यूत एबनीची टोकं कमानीसारखी गोल येतात, कारण कारागीर एकेक पट्टी चिकटवून रंध्याने उतरवत नेतो, मशीनच्या जोडात तीच टोकं भाल्यासारखी अणकुचीदार. मशीनचा म्हणजे टाकाऊ नाही हं, तोही जुना असू शकतो, फक्त हाताच्या भावात घेऊ नका.

सरळ आहे का बघायला लोक टेबलावर लोळवतात. बॅजसाठी, म्हणजे कंपनीच्या नावाच्या पट्टीसाठी, मागे एक बाजू चपटी तासलेली असते, मग तो थडथडणारच! सुतार फळी बघतो तसा एक डोळा मिटून बघा. मागे कधीकधी १६ किंवा १६½ असा आकडा ठोकलेला असतो, ते औंसातलं वजन, काट्यावर बरंच कमी भरलं आणि लांबीही ५७-५८ इंचाच्या आत असली तर कुणीतरी कापलाय म्हणून समजा. बॅज हस्तिदंताचा म्हणून कुणी भाव वाढवला तर सरळ निघून या, एकतर तो बऱ्याचदा सेल्युलॉइडचा निघतो आणि खरा असला तर आपल्याकडे खरेदी-विक्री बेकायदा. आणि हो, प्रत्येक विकणाऱ्याकडचा क्यू विल्सन जोन्सचाच असतो. ते पुण्यात जन्मले, १९५८ ला बिलियर्ड्सचे वर्ल्ड अमॅच्युअर चॅम्पियन झाले हे खरं, पण एवढे क्यू त्यांनी ठेवले कुठे असतील?

किंमत मी फोटोवरून सांगत नाही. एवढंच सांगतो, पॉलिश करू नका. माझा पहिला क्यू मी हौसेने सुताराकडे दिला, त्या बिचाऱ्याने मन लावून घासला, वजनाचा आकडा गेला, बॅजवरची अक्षरं गेली, वर चकचकीत लॅकर. आता बायको त्याला कुंचा बांधून कोळिष्टकं काढते.