तुम्ही विचारलंत म्हणून: पॅनलमधली ती केबल तुटली तर?

हा प्रश्न बहुतेक वेळा चहाच्या सुट्टीत येतो. सकाळभर मी नवं ११ केव्हीचं (११ हजार व्होल्टचं) वीज वाटणारं पॅनल दाखवलेलं असतं. फॉल्ट झाला की त्यातला रिले तो ओळखतो आणि ब्रेकर ट्रिप करतो, म्हणजे उघडून वीज तोडतो. सगळ्यांनी माना डोलावलेल्या असतात. मग मेंटेनन्सचा एखादा जुना माणूस कप खाली ठेवतो आणि म्हणतो, "मॅडम, ते सगळं ठीक. पण ट्रिपचा सिग्नल कॉम्प्युटरच्या केबलवरून जाणार, आणि ती केबलच तुटली तर?" आमचे काका एमएसईबीत सबस्टेशन ऑपरेटर होते. त्यांनी हेच जरा सरळ विचारलं होतं: "अगं, घरातलं वायफाय तुम्हाला धड चालवता येत नाही आणि त्यावर ब्रेकर चालवता?"

इतक्यांदा तोंडी सांगून झालंय, म्हणून आता एकदा लिहूनच टाकते.

मुळात फीडरचा (पॅनलमधून एकेका मोटारकडे किंवा भागाकडे वीज नेणाऱ्या शाखेचा) स्वतःचा ट्रिप त्या केबलवरून जातच नाही. रिले त्याच पॅनलच्या वरच्या कप्प्यात असतो, सेन्सरची वायर थेट त्यात येते आणि रिलेच्या काँटॅक्टपासून ब्रेकरच्या ट्रिप कॉइलपर्यंत आजही तांब्याचीच तार जाते. नेटवर्क पूर्ण मेलं आणि फीडरवर शॉर्ट सर्किट झालं, तरी तो ब्रेकर उघडणारच. नेटवर्कवरून जातं ते पॅनलांचं आपसातलं बोलणं. अर्थ स्विच (दुरुस्तीआधी लाइन जमिनीला जोडणारा) लागलाय, ब्रेकर अडकलाय, फॉल्ट माझ्या बाजूला दिसतोय. पूर्वी यातल्या प्रत्येक वाक्यासाठी एक तार ओढलेली असायची.

त्या तिसऱ्या वाक्याने मला एकदा चांगलाच धडा दिला. आम्ही त्याला रिव्हर्स ब्लॉकिंग म्हणतो. फीडरवर फॉल्ट झाला की त्याचा रिले इनकमरला (सगळ्या फीडरांची वीज आत घेणाऱ्या मुख्य ब्रेकरला) सांगतो, "थांब, हा माझा आहे, मी बघतो." कोणत्याच फीडरकडून असा निरोप आला नाही तर फॉल्ट बसबारवर (सगळ्या फीडरांना वीज देणाऱ्या समाईक पट्ट्यांवर) आहे असं समजून इनकमर साधारण १०० मिलिसेकंदांत सगळं बंद करतो. बसबारवर आर्क पेटला असेल तर ही घाई पॅनल वाचवते. पण निरोप पोचलाच नाही तर?

एका कारखान्यात नेमकं हेच झालं. सगळं तांब्यावर होतं, नेटवर्कचा पत्ता नव्हता. एका मोटारच्या केबलला फॉल्ट झाला, तिचा फीडर ट्रिप झाला आणि त्याच्याबरोबर इनकमरही गेला. अर्धा प्लांट अंधारात. दोन दिवस आम्ही रिलेची सेटिंग्ज तपासत बसलो. शेवटी वायरमनने टर्मिनल ब्लॉकवरची एक तार सहज ओढून पाहिली तर ती हातात आली. फेरूल (तारेवरची नंबराची खूण) जागेवर, नंबर बरोबर, ड्रॉइंगमध्येही सगळं चोख. फक्त स्क्रू तारेवर न बसता तारेच्या इन्शुलेशनवर बसला होता. कधीपासून? कुणालाच सांगता आलं नाही. तार शांतपणे तुटलेली होती आणि गरज पडेपर्यंत शांतच राहिली.

आता तेच काम आयईसी ६१८५० या, सबस्टेशनमधल्या उपकरणांनी आपसात कसं बोलायचं ते ठरवणाऱ्या मानकातल्या गूज नावाच्या संदेशाने होतं. (नाव ऐकून हसू येतं, मलाही पहिल्यांदा आलं होतं.) गूजची एकच गोष्ट लक्षात ठेवा: तो बडबड्या आहे. काहीही घडलेलं नसतानाही ठरावीक अंतराने, समजा दर सेकंदाला, "मी आहे, सगळं ठीक" असं तो म्हणत राहतो. प्रत्येक संदेशात तो किती वेळ खरा धरायचा हेही लिहिलेलं असतं. काही घडलं की तोच निरोप काही मिलिसेकंदांच्या अंतराने पुन्हा पुन्हा फेकतो आणि मग हळूहळू वेग कमी करत जातो. पहिला निरोप चुकला तर दुसरा पोचतो. केबल तुटली तर ऐकणाऱ्या रिलेला दोन-तीन सेकंदांत कळतं की पलीकडचा गप्प झालाय, आणि अलार्म येतो. ट्रिप कॉइलवर नजर ठेवणारी सोय जुन्या पॅनलांतही असायची, हे मान्य. पण पॅनलांमधल्या इंटरलॉकच्या शेकडो तारांवर कोण नजर ठेवत होतं?

अर्थात अलार्म आल्यावर रिलेने काय करायचं, हे माणसालाच ठरवावं लागतं. मी इनकमरला सांगून ठेवते: फीडरचा आवाज बंद झाला तर १०० मिलिसेकंदांची घाई सोड आणि जुन्या पद्धतीने, फीडरला वेळ देऊन, मग ट्रिप हो. हे कुणी ठरवलंच नाही तर गूज असूनही तोच अंधार होईल. म्हणून केबल तुटली तर काय, यापेक्षा ती तुटल्यावर काय व्हावं हे लिहून ठेवलंय का, असं मला विचारा. तसं विचारणारा मात्र मला क्वचितच भेटतो.

सेन्सरबद्दलची भीती वेगळी असते. करंट मोजणाऱ्या, लोखंडी गाभ्याच्या २०-२५ किलोच्या सीटीच्या (करंट ट्रान्सफॉर्मरच्या) जागी हलकी, पोकळ रिंग दिसली की लोकांना फसवल्यासारखं वाटतं. ती रोगोव्स्की कॉइल. वाल्टर रोगोव्स्की आणि श्टाइनहाउस यांनी १९१२ मध्ये मांडलेली, म्हणजे नवी मुळीच नाही. आत लोखंड नाही म्हणून सॅच्युरेशन (मोठ्या करंटला गाभा भरून जाऊन मोजमाप चुकणं) नाही. तिची सर्किट उघडी राहिली तरी सीटीसारखा जीवघेणा व्होल्टेज येत नाही. इतकी वर्षं ती मागे राहिली, कारण ८० अँपिअरला जेमतेम १५० मिलिव्होल्ट देणाऱ्या कॉइलवर जुना चकतीवाला रिले हलणार कसा? रिले न्यूमरिकल (मायक्रोप्रोसेसरवर चालणारे) झाले तेव्हा तिचे दिवस आले. महावितरणचं बिलाचं मीटर मात्र अजून सीटी-पीटीवरच (पीटी म्हणजे व्होल्टेज मोजायचा ट्रान्सफॉर्मर) चालतं, तिथे कुणी हात घालत नाही.

आम्हाला सतावतात त्या साध्या गोष्टी. सेन्सरची केबल कारखान्यातूनच मोजून आणि कॅलिब्रेट करून येते. उरली तर गुंडाळून ठेवायची, कापायची नाही. एका साइटवर एका नीटनेटक्या मुलाने ती कापून सुबक आरजे-४५ (नेटवर्कच्या केबलला असतो तसा प्लग) क्रिंप केला. दिसायला देखणा, पण शील्ड (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारं केबलचं आवरण) जोडायची राहिली. शेजारचा ब्रेकर चालला की रिले भुताने झपाटल्यासारखे आकडे दाखवायचा. दुसऱ्या एका ठिकाणी जमिनीतली वीजवाहक केबल मेगर केली (तिच्या इन्शुलेशनचा रेझिस्टन्स मोजला) तर २५० मेगाओहमच्या वर काटा जाईना. केबलमध्ये पाणी शिरलंय असं ठरवून खोदायची तयारीसुद्धा झाली होती. केबल ठणठणीत होती. पॅनलमधल्या व्होल्टेज सेन्सरच्या आत रेझिस्टन्सचा डिव्हायडर असतो, आमच्याकडच्या सेन्सरमध्ये तो साधारण २५० मेगाओहमचा, आणि तो काढायचा राहिला होता. मेगर त्यालाच मोजत होता.

खरी धास्ती मला वाटते ती केबल शाबूत असण्याची. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये सुमारे २,२५,००० ग्राहकांची वीज गेली. तिथे एकही केबल तुटली नव्हती. घुसखोरांनी ऑपरेटरच्याच स्क्रीनवरून, ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत ब्रेकर उघडले. पुढच्या वर्षी कीव्हच्या उपकेंद्रावर जो मालवेअर आला, त्यात ६१८५० ची भाषा बोलणारा भागही होता. गूजच्या निरोपावर मुळात सही-शिक्का नसतो. त्या नेटवर्कवर बसलेला कुणीही तसाच निरोप बनवू शकतो. म्हणून मी रिकामे पोर्ट बंद करून घेते, स्विचच्या कपाटाला कुलूप लावायला सांगते आणि व्हेंडरचा लॅपटॉप थेट जोडू देत नाही. यावरून माझी भांडणं होतात. होऊ देत.

केबल तुटण्याचं उत्तर मी आता बोलून देत नाही. स्वीकृती चाचणीत ग्राहकासमोर पॅच कॉर्ड (नेटवर्कची छोटी केबल) उपटते आणि घड्याळाकडे बघायला सांगते. अलार्म आला की तेच मान हलवतात. गेल्या दिवाळीत याचा व्हिडिओ काकांना मोबाईलवर दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले, "छान आहे. हे सगळं चालतं कशावर, ११० व्होल्ट डीसीवरच ना? मग बॅटरीचं पाणी कोण बघतं?"

त्या साइटवर बॅटरी रूमची किल्ली कुणाकडे असते, हे मला सांगता येईना.