कपाटातली वानरसेना

गेले तीन आठवडे मी समुद्रकिनारी अडकले आहे. म्हणजे आहे डोंबिवलीतच, बेडरूममध्ये, साड्यांचं कपाट उघडं टाकून त्यात तोंड घालून उभी. पण गीतरामायणात सेतू बांधायची वेळ आली आहे आणि माझा सेतू काही पुढे सरकत नाही. गाणं वानरांचं, कोरसचं. घरात वानर मी एकटीच. तेव्हा तीच ओळ आठ वेळा गायची, एकावर एक चढवायची आणि सेना उभी करायची, असा बेत होता. पण आठही वानर एकाच जागी दम घेतात आणि एकाच जागी किंचित चढे लागतात. सेना कसली, एका बाईचे आठपट दोष! (खारीचा वाटा वगैरे कुणी म्हणू नका, ऐकून झालंय.)

छप्पन्न गाणी आपल्या आवाजात रेकॉर्ड करायची, हे खूळ डोक्यात शिरलं तेव्हा वाटलं होतं, वर्षाचं काम. मुळात तसंच तर झालं होतं. 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर पहिलं गाणं लागलं, मग दर आठवड्याला एक. मध्ये अधिक महिना आला म्हणून बावन्नची छप्पन्न झाली. गदिमांनी लिहायचं, बाबूजींनी चाल बांधायची, गायक-वादकांना बसवायचं आणि ठरल्या दिवशी प्रक्षेपण. माझ्याकडे शब्द तयार, चाल तयार, तानपुरा मोबाइलमध्ये. तरी हे पाचवं वर्ष. माझे सगळेच महिने अधिक निघाले.

सुरुवातीची शंका साधी होती: मला लय आहे का? ट्रॅक हेडफोनवर लावून गायचे आणि नंतर ऐकलं की प्रत्येक ओळ समेच्या मागे रेंगाळलेली. पाच गाणी मी स्वतःला लयीत कच्ची समजून रात्री हातावर ताल धरत बसले. मग भाचा आला. त्याने पाहिलं, म्हणाला, “मावशी, ब्लूटूथवर रेकॉर्डिंग करतेस? त्यात ट्रॅकच उशिरा ऐकू येतो.” दीडशे रुपयांचा वायरवाला हेडफोन आणला आणि माझी लय सुधारली. त्या दिवशी इतका आनंद झाला की साखरभात केला.

आताच्या शंकेवर वायर मिळत नाही. परवा सहज पहिलं गाणं काढून ऐकलं, भूपातलं. तेव्हा ते मी नातेवाइकांना कौतुकाने पाठवलं होतं. गंधारावर अशी काही टेकले आहे, की तो स्वर नसून बसस्टॉपवरचा बाक असावा. तेव्हा हे ऐकू कसं आलं नाही? कारण तेव्हा कान तेवढाच होता. पाच वर्षांत गळा चार पावलं चालला असेल, कान मात्र रिक्षा करून पुढे गेला. आणि पुढच्या नाक्यावर उभं राहून तो गळ्याला हाका मारतो, लवकर ये म्हणून.

मग वाटतं, पहिल्यापासून पुन्हा गावं. पण पुन्हा गात छप्पन्नपर्यंत पोचेस्तोवर कान कुठे पोचलेला असेल? शिवाय पट्टी. काळी चारमध्ये सुरू केलं होतं, गेल्या वर्षापासून पांढरी पाच धरावी लागते. अर्धाच स्वर, पण उतरलेला अर्धा स्वर परत चढत नाही. म्हणजे पहिली गाणी चांगल्या गळ्याची आणि वाईट कानाची, आताची उलट.

आणि ऐकणारा? मराठी माणूस हे गाणं रिकाम्या कानाने ऐकतच नाही. मी तोंड उघडायच्या आत त्याच्या डोक्यात बाबूजींचं गाणं सुरू झालेलं असतं, एकेक अक्षर लख्ख. त्याच्या शेजारी माझा ‘ष’ आणि ‘श’. नणंद म्हणाली ते काही वाईट मनाने नव्हे: “वहिनी, छानच गं. पण मुळातलं आहे ना?” आहे ना. तेच तर.

काल रविवार. पंखा बंद, खिडकी बंद, कुकर उतरवलेला. बाराव्या टेकला मी कपाटाच्या दाराला डोकं टेकून उभी होते. हे पेपर घेऊन दारात आले.

“काय झालं?”

“वानर कमी पडतायत.”

यांनी जन्मात आरतीखेरीज काही गायलेलं नाही, आणि आरतीतही टाळ्याच. पण पेपर घडी करून ठेवला, हेडफोन चढवला, म्हणाले, “सांग कुठे ओरडायचं.” ओरडले. माझ्या आठ सारख्या वानरांत हा नववा जाडाभरडा घुसला, कुठल्याच पट्टीत नसलेला, आणि पहिल्यांदाच तिथे गर्दी झाल्यासारखी वाटली. मी फाइल जतन करणार, तेवढ्यात म्हणाले, “मला ऐकव की.”

आपण बोलतो तेव्हा आपला आवाज हाडांतूनही कानाला पोचतो, म्हणून आपल्याला तो भारदस्त वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतून आलेला असतो. हे मला माहीत झालंय. यांना कुठून असणार? ऐकता ऐकता चेहरा उतरत गेला.

“हा मी?”

“तुम्हीच.”

“इतका चिरका?”

“छान झालंय हो. राहू दे.”

“छे छे,” कपाटात माझ्या साड्या बाजूला सारत ते म्हणाले, “पुसून टाक ते. परत घेऊ.”