पोल्ट्री शेडमधली सेल्फ-स्टीअरिंग गाडी: स्टीअरिंग जमलं, आता गर्दीचा नकाशा

मंडळी, गाडी आता शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कोणी हात न लावता जाऊन राहिली आहे, म्हणून आजचा अपडेट जरा मोठा आहे.

नवीन लोकांसाठी थोडक्यात: आरसी गाडीची १/१० साइझची चेसिस, मागे मोटर, पुढची चाकं सर्व्होवर (हव्या त्या अँगलला वळणारी छोटी मोटर), गाडी चालवणारा छोटा ईएसपी३२ कंट्रोलर बोर्ड, मागचं चाक किती फिरलं ते मोजणारा एन्कोडर, गाडी किती वळली ते सांगणारा एक जायरो आणि दोन्ही बाजूंना लेझरवाले डिस्टन्स सेन्सर. नागपूरच्या काटोल रोडला माझ्या मावसभावाचं ब्रॉयलर शेड आहे, तिथे भिंतीच्या बाजूच्या पट्ट्यातून हळूहळू फिरायचं आणि कोंबडीच्या उंचीवर तापमान, दमटपणा, अमोनिया मोजायचा, एवढंच काम. पत्र्याखाली जीपीएस कामाचं नाही, म्हणून जागा एन्कोडर, जायरो आणि भिंतीपासूनच्या अंतरावरूनच काढतो. सेन्सर मुद्दाम खाली लावलेत, कारण आपल्याकडच्या शेडला खाली फुटभर भिंत आणि वर जाळी असते, जाळीवर लेझरचं रीडिंग टिकत नाही. दिवसाच्या उजेडात रेंजही कमी होते म्हणून राउंड संध्याकाळनंतरच.

स्टीअरिंगसाठी प्युअर पर्स्यूट नावाची पद्धत वापरून राहिलो. रस्त्यावर काही अंतर पुढचा एक पॉइंट धरायचा आणि मागच्या अ‍ॅक्सलपासून त्या पॉइंटपर्यंत जो गोल कंस जातो त्या हिशोबाने चाक वळवायचं. सगळी गंमत त्या 'किती पुढे बघायचं' मध्ये आहे. अंतर कमी ठेवलं की गाडी डावी-उजवी डोलते, जास्त ठेवलं की वळणावर कोपरा कापून खाद्याच्या फीडरला भिडायला जाते. स्टॅनली कंट्रोलरही लावून पाहिला, स्टॅनफर्डच्या ज्या गाडीने २००५ ची डार्पा ग्रँड चॅलेंज ही बिनड्रायव्हरच्या गाड्यांची शर्यत जिंकली तिचा. तो पुढचा अ‍ॅक्सल ठरलेल्या रस्त्यापासून किती सरकला ही चूक मोजतो आणि त्यात चुकीला वेगाने भागतात, आता आमची गाडी रांगत्या वेगाने चालते, भागाकार लगेच मोठा होतो आणि चाक फुल्ल वळतं. भागाकाराच्या खालच्या आकड्यात एक स्थिरांक मिळवला की शांत होतो, पण शेडमध्ये मला प्युअर पर्स्यूटच जास्त सौम्य वाटला.

आणि सौम्य असणं इथे सगळ्यात महत्त्वाचं आहे भाऊ. झटका बसला, मोटरचा आवाज एकदम वाढला की पक्षी घाबरून एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालचे गुदमरून मरतात. म्हणून चाकाचा अँगल सेकंदाला किती बदलू शकतो यावर कडक लिमिट टाकली आहे, मग रस्ता थोडा चुकला तरी चालेल. समोर पक्षी बसला असेल तर थांबायचं, तो उठेपर्यंत वाट पाहायची. आत नेताना आणि बाहेर काढल्यावर चाकं जंतुनाशकाने धुतो, हे कोणी विसरू नका.

आता खरा मुद्दा. गाडी आणि भिंतीच्या मधे पक्षी आला की अंतर एकदम कमी दिसतं. तसं रीडिंग फिल्टर फेकून देतो आणि भिंत परत दिसेपर्यंत गाडी एन्कोडर-जायरोवर चालते. ही फेकलेली रीडिंग मी जपून ठेवायला लागलो, कुठे किती वेळ भिंत दिसली नाही ते शेडच्या आराखड्यावर मांडलं, आणि तोच गर्दीचा नकाशा निघाला! हिशोबाने एका पक्ष्याला एक चौरस फूट जागा आहे, पण ही सरासरी झाली. प्रत्यक्षात पाण्याच्या लाइनजवळ आणि हवा लागते त्या बाजूला सगळे दाटून बसतात, बाकी पट्टा रिकामा.

दोन किलोच्या पक्ष्याला एक चौरस फूट म्हणजे चौरस मीटरला साधारण साडेएकवीस किलो. युरोपियन युनियनच्या २००७ च्या नियमात मूळ मर्यादा ३३ किलो आहे, अटी पाळल्या तर ४२ पर्यंत. पण तो आकडा बघून इथे खुश व्हायचं कारण नाही, आपलं शेड उघडं आणि मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात, ती मुख्यतः धापा टाकून अंग थंड करते, आणि शेजारी-शेजारी चिकटून बसली तर अंगाची उष्णता जायला जागाच उरत नाही. त्यात दाटीखाली लिटर (जमिनीवरचं तुसाचं अंथरूण) ओलं होतं, विष्ठेतल्या युरिक अ‍ॅसिडचा जिवाणू अमोनिया करतात, डोळे आणि श्वासनळी जळते, पायाच्या तळव्याला काळे व्रण पडतात. २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) वर अमोनिया जाऊ देऊ नये असं साधारण सांगतात. माझा एमक्यू-१३७ हा अमोनिया सेन्सर दमटपणाने हलतो, म्हणून त्याचा आकडा मी खरा धरत नाही, फक्त शेडच्या दोन जागांची तुलना करतो, आणि जिथे भिंत जास्त वेळ लपते तिथेच वासाचं रीडिंगही चढतं.

२००४ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात मॅरियन डॉकिन्स आणि सहकाऱ्यांचा मोठा अभ्यास आला होता, त्यात निघालं की पक्ष्यांच्या एकूण तब्येतीवर नुसत्या दाटीपेक्षा शेडमधल्या हवा-लिटरच्या परिस्थितीचा परिणाम जास्त होतो. दाटी बिनमहत्त्वाची असा त्याचा अर्थ मी घेत नाही, फार दाटल्यावर तिथेही वाढ मंदावली आणि चाल बिघडली होती. पण मावसभावाला पक्षी कमी टाक म्हणण्याआधी कुठलं लिटर रोज उलटायचं आणि पंखा कुठे सरकवायचा हे तरी नकाशावरून सांगता येतं, आणि त्याने दाट पट्ट्यातलं तूस उलटणं सुरूही केलंय.

पुढच्या बॅचला दोन गोष्टी करायच्या आहेत. ओल्या लिटरवर मागचं चाक घसरतं आणि एन्कोडर जास्त अंतर दाखवतो, त्यासाठी खांबांवर खुणा चिकटवून मधेमधे जागा दुरुस्त करणार. आणि पिल्लं लहान असतानाचा नकाशा शेवटच्या आठवड्याच्या नकाशाशेजारी ठेवून पाहणार. कोणी स्वस्तात दमटपणा-करेक्शन असलेला अमोनिया सेन्सर वापरला असेल तर नाव सांगा, धुळीत किती दिवस टिकला तेही लिहा.