‘ॲड.’ सापडेना, म्हणून लिहिलेलं टूल

नाशिकच्या जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या एका वकिलांच्या ऑफिसला मी सॉफ्टवेअर करून दिलं होतं. त्यात ‘ॲड.’ शोधलं की निम्मी नावं गायब. स्क्रीनवर मात्र सगळी सारखीच. आत पाहिलं तर ‘ॲ’ तीन तऱ्हांनी टाइप झालेला: कुठे युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला कोड देणाऱ्या मानकाच्या, ५.१ आवृत्तीत २००८ साली आलेलं स्वतंत्र अक्षर, कुठे ‘अ’वर नुसता अर्धचंद्र, तर कुठे दोघांच्या मध्ये झेडडब्ल्यूजे, म्हणजे न दिसणारं जोडचिन्ह. एनएफसी, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारी युनिकोडची पद्धत, लावून बघितलं, पण युनिकोड ही तीन रूपं एक मानतच नाही. नोंदी हाताने दुरुस्त केल्या आणि पायथॉनमध्ये दोनशे ओळींचं टूल लिहिलं. कमिटच्या आधी, म्हणजे कोडमधले बदल पक्के करण्याआधी, भाषांतराच्या जेसन फाइलींत (जेसन म्हणजे डेटा लिहायचा एक साचा) ‘ॲ’ची अशी रूपं आहेत का ते तपासायचं, एवढंच त्याचं काम.

चार मित्र वापरू लागले आणि मागण्या सुरू झाल्या. कॉलेज रोडला चहा पिताना धाकटा सहकारी म्हणाला, “सर, हिंदीपण टाका ना. देवनागरीच तर आहे, दोन तासांचं काम.” खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं. रविवारी करून पाहिलं. हिंदीत ‘ॲप’चं ‘ऐप’ होतं, म्हणजे माझा मुख्य नियमच बिनकामाचा. नुक्त्याचा ‘क़’ एका कोडने लिहा की दोन, एनएफसी त्याला एकाच रूपात आणतं. हिंदीवाल्यांना माझी गरजच नव्हती. कुणी शुद्धलेखन तपासणीही मागितली होती. ऱ्हस्व-दीर्घाच्या भांडणात पडायची माझी छाती नाही.

गंगापूर रोडच्या मैत्रिणीचं बोलणं मात्र लागलं. “अरे, घोळ डेटाबेसमध्ये आणि तू जेसन काय तपासत बसलायस?” माझी स्वतःची भानगडही डेटाबेसचीच होती की! तिला सीएसव्ही आणि एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून निघणाऱ्या फाइलींचे दोन प्रकार, दोन्ही हवं होतं. मी उलटं केलं: जेसनच काढून टाकलं. टूलने साधा मजकूर घ्यावा, ज्याला जे पाइप करायचं, म्हणजे दुसऱ्या प्रोग्राममधून थेट त्यात सोडायचं, ते करावं. कोड निम्म्यावर आला, मी खूश.

तिसऱ्याच दिवशी हमखास चुका असलेली एक फाइल बिनचूक ठरली. पायथॉनचं जेसन मॉड्यूल, वेगळं सांगितलं नाही तर, मराठी अक्षरं कोडच्या आकड्यांत लिहितं. त्या मजकुरात ‘ॲ’ दिसणार कसा? जेसन मुकाट्याने परत आणलं, पाइपही ठेवला. सीएसव्हीला वेगळा कोड नाही, हिंदीला नकार.

मग वकिलांच्या ऑफिसच्या डेटाबेसचा डंप, म्हणजे त्यातला सगळा मजकूर, पाइप करून पाहिला. हाताने दुरुस्त करूनही अकरा नोंदी राहिल्या होत्या. त्यांचा फोन यायच्या आत नीट केल्या.