आळशी मुलगी क्लबात काय करते?

जपानी शाळेत आळशी असणं सोपं नाही. एप्रिलमध्ये शैक्षणिक वर्ष सुरू झालं की वरच्या वर्गातली मुलंमुली नवख्यांना आपापल्या क्लबात ओढायला टपलेलीच असतात. टेनिस, व्हॉलीबॉल, केंदो म्हणजे बांबूच्या तलवारींचा खेळ, धावणं. एकदा नाव दिलं की शाळा सुटल्यावर सराव, पुष्कळ ठिकाणी शाळा भरायच्या आधीही सराव, सुट्टीत शिबिर. नवख्यांनी चेंडू गोळा करायचे, मैदान सारखं करायचं आणि मोठ्यांना वाकून अभिवादन करायचं. अशा ठिकाणी एखादी मुलगी “मी जरा पडते” म्हणाली की विनोदी मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, तिथेच सुरू होतो.

मला या मुलीचं भारी कौतुक आहे. मांगा बदलला की नाव बदलतं, खेळ बदलतो, बाई त्याच. क्लब निवडते तो ट्रॅकसूट अंगाला बरा वाटतो म्हणून. सामानाच्या खोलीत कसरतीच्या गाद्यांची चळत असते, त्यातली सगळ्यात मऊ गादी कुठली हे फक्त तिला ठाऊक. दहा फेऱ्या मारायच्या असल्या तर ही झाडामागे थांबते, शेवटच्या फेरीत हळूच घुसते आणि पहिली येते! ‘असेल माझा हरी’ म्हणत खाटल्यावर पडून राहणाऱ्यांतली ही नव्हे. हिच्या आळसामागे अभ्यास आहे.

ती इतकी हसवते, कारण तिच्यामागे घामाचा मोठा इतिहास आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानच्या महिला व्हॉलीबॉल संघाने सोव्हिएत संघाला हरवून सुवर्णपदक घेतलं. संघातल्या बहुतेक जणी एकाच कापड कंपनीतल्या कर्मचारी. दिवसा नोकरी आणि नंतर मध्यरात्रीपर्यंत सराव. प्रशिक्षक दाईमात्सु हिरोबुमी त्यांना जमिनीवर कोलांटी घेऊन चेंडू उचलायला लावत. तो अंतिम सामना टोकियो परिसरात ६६.८ टक्के घरांत टीव्हीवर पाहिला गेला. चार वर्षांनी, १९६८ मध्ये, ‘अटॅक नंबर वन’ हा मुलींच्या व्हॉलीबॉलचा मांगा सुरू झाला. जिद्द, अश्रू, सुजलेले हात, पुन्हा जिद्द. आपली आळशी मुलगी त्या घराण्यातली वाया गेलेली नात.

गंमत म्हणजे तिला कागदावरची जागाही सोयीची मिळते. असे पुष्कळसे विनोदी मांगा चार चौकटींचे असतात. एकाखाली एक चार चित्रं: गोष्ट सुरू होते, थोडी सरकते, तिसऱ्या चौकटीत उलटते आणि चौथीत संपते. जिद्दीच्या मांगात एक सामना कित्येक खंड चालतो, एक सर्व्हिस हवेत असताना खेळाडूचं अख्खं बालपण आठवून होतं. चार चौकटींत कोण सुधारणार? तिसरीत चेंडू डोक्यात बसतो, चौथीत मैत्रीण ओरडते, पुढच्या पट्टीत सगळं पहिल्यासारखं. ‘तेक्यू’ नावाच्या मांगात टेनिस क्लबातल्या चार मुली आहेत, आणि टेनिस मात्र भिंग घेऊन शोधावं लागतं. २०१२ मध्ये त्याची ॲनिमे, म्हणजे कार्टून मालिका, आली, तिचे भाग जेमतेम दोन मिनिटांचे. आळशी प्रेक्षकाची इतकी काळजी क्वचितच कुणी घेतली असेल.

ती ओरडणारी मैत्रीण फार महत्त्वाची. एकीने मूर्खासारखं बोलायचं आणि दुसरीने टपली मारून भानावर आणायचं, ही मान्झाई या दोघांनी मिळून करायच्या जपानी विनोदी प्रकाराची जुनी रीत. मैत्रीण नसेल तर आळशी मुलगी नुसती झोपलेली मुलगी उरेल. त्यात काय हसायचं? म्हणून तर ती क्लब सोडत नाही. आळसालाही कुणीतरी कपाळावर हात मारणारं लागतं.

मला वाटतं तिला खो-खोत घालायला हवं होतं. नऊपैकी आठ जणी पाटीवर बसलेल्या, हा तर तिच्यासाठीच केलेला खेळ! पाठीमागून “खो” ऐकू येईपर्यंत स्वर्ग. आमच्या शाळेच्या संघात अशी एक होती, ती खो मिळाल्यावर आधी मागे वळून “मला?” असं विचारायची.

आणि २०१८ मध्ये तर जपानच्या क्रीडा विभागालाच फतवा काढावा लागला: क्लबांना आठवड्यातून किमान दोन दिवस सुट्टी द्या, शाळेच्या दिवशी सराव साधारण दोन तासांत आटपा. मुलं आणि शिक्षक दोघंही दमून चालले होते. गादीवरच्या मुलीचं म्हणणं शेवटी सरकारी कागदावर उमटलं. ती वाचायला उठली नसेल.

शाळा सुटली की सरळ घर गाठणाऱ्यांना जपानी मुलं थट्टेने ‘घरी जाणारा क्लब’ म्हणतात. खरी आळशी तिथेच असायला हवी. पण त्यावरही मांगा निघाला, २०१३ मध्ये त्याची ॲनिमेसुद्धा आली, आणि त्यात मुलींनी घरी जाण्याचा रीतसर क्लब चालवलेला आहे. घरी जायचं राहतं बाजूला, यांचे उद्योग काही संपत नाहीत.