तुम्ही विचारलंत म्हणून: पहिला महिना हात सोडण्यातच का जातो?

दर जूनमध्ये नवी मुलं पियानो शिकायला येतात आणि साधारण तिसऱ्या आठवड्यात कुणाची तरी आई किंवा बाबा दारात थांबतात. चपला घालता घालता विचारतात, "मॅडम, गाणं कधी सुरू करणार? घरी विचारलं तर म्हणतो, आज हात खाली सोडले. मागच्या वेळीही हेच सांगत होता." ज्यांनी स्वतः लहानपणी थोडाफार पियानो केलेला असतो, त्यांचा प्रश्न जरा वेगळा असतो: "आमच्या वेळी हाताच्या पंज्यावर नाणं ठेवायचे. ते पाडायचं नाही. तुम्ही तसं का नाही शिकवत?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, पण ते दारात उभं राहून देण्यासारखं नाही. म्हणून आज सविस्तर लिहिते.

मलाही नाणं ठेवूनच शिकवलं गेलं. मी नऊ वर्षांची होते. मनगट सपाट, पंजा स्थिर, त्यावर चार आण्याचं नाणं. हालचाल फक्त बोटांची, तीही उंच उचलून. नाणं पडलं की ओळ पुन्हा पहिल्यापासून. मी ते इतकं मनावर घेतलं की नाणं पडणं बंद झालं. चौदाव्या वर्षी परीक्षेच्या तयारीत कोपरापासून मनगटापर्यंत अशी कळ यायला लागली की रात्री गृहपाठ लिहिताना पेन धरवेना. माझ्या त्या बाई अतिशय प्रेमळ होत्या. त्यांना जसं शिकवलं गेलं होतं तसंच त्या मला शिकवत होत्या, आणि त्यांना शिकवणाऱ्यांचंही तेच झालं असणार. पुढे एका शिक्षिकेनं माझा हात स्वतःच्या हातात घेऊन नुसतं विचारलं, "हे सगळं तू का धरून ठेवलंयस?" त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी शंभर वर्षं मागे गेले.

नाणं आलं कुठून ते आधी सांगते. अठराव्या शतकातल्या वाद्यांच्या पट्ट्या हलक्या होत्या आणि फारशा खोल जात नसत. तिथे बोटाची ताकद पुरायची, हात स्थिर ठेवणं शहाणपणाचंच होतं. एकोणिसाव्या शतकात पियानोत लोखंडी चौकट आली, तारांचा ताण वाढला, तारांवर आपटणाऱ्या हातोड्या जड झाल्या, पट्टीही जड झाली. वाद्य बदललं आणि शिकवणं मात्र जुन्याच वाद्याचं राहिलं. उलट ते जास्त कडक झालं. 1814 मध्ये लोगिए नावाच्या गृहस्थांनी हात आणि बोटं एका जागी ठेवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. पुढे जर्मनीत श्टुटगार्टच्या कॉन्झर्वेटरीत, म्हणजे संगीत विद्यालयात, लेबर्ट आणि श्टार्क यांच्या पद्धतीनं बोट उंच उचलून पट्टीवर आपटण्याची शिस्त युरोपभर नेली. मुलं तासन् तास एकेक बोट वर-खाली करत बसायची. कानाला त्यात काही काम नव्हतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे सगळं मुळापासून तपासून पाहणारी काही माणसं निघाली. त्यातले मला सगळ्यात जवळचे वाटतात ते लंडनचे टोबायस मॅथे. जन्म 1858 चा. तेराव्या वर्षी ते रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये विद्यार्थी म्हणून आले आणि पुढे तिथेच शिकवत राहिले, 1925 पर्यंत. 1900 मध्ये त्यांनी स्वतःची पियानो शाळाही काढली. (पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं ते 5 मे 1901 ला. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण संगीत कसं शिकवावं हा स्वतंत्र विचार करण्याचा विषय आहे, हे दोन टोकांच्या दोन शहरांत एकाच सुमारास कुणाला तरी वाटलं, याचं मला फार अप्रूप आहे.) 1903 मध्ये मॅथेंचं 'द ॲक्ट ऑफ टच' आलं. तीनशे पानांहून मोठं, वाचायला अवघड, शब्दाशब्दावर जोर दिलेलं. मला ते पुरं करायला दोन पावसाळे लागले.

त्यांचा प्रश्न मात्र साधा होता. हात दिसतो कसा हे बाजूला ठेवा. पट्टी खाली जाते तेव्हा आत काय होतं ते आधी बघा.

हे मी मुलांना कसं दाखवते ते सांगते. माझ्या पियानोवर एका डबीत पाच रुपयांची नऊ नाणी असतात, जुनी पिवळी, प्रत्येक साधारण 6 ग्रॅमचं. हे नाणं पांढऱ्या पट्टीच्या टोकावर बरोबर मावतं. उजवं पेडल दाबून धरायचं, म्हणजे डॅम्परचं (तारेवर टेकून तिला गप्प ठेवणाऱ्या तुकड्याचं) वजन मध्ये येत नाही, आणि मुलानं एकेक नाणं पट्टीवर रचत जायचं. पाच झाली, सहा झाली, काही होत नाही. आठव्या-नवव्याला पट्टी हळूच खाली बसते. म्हणजे सगळं मिळून 50 ग्रॅमच्या आसपास वजन, आणि पट्टी खाली जाते ती जेमतेम एक सेंटिमीटर. आणि आवाज? आवाज येतच नाही! मुलं चकित होतात. पट्टी पूर्ण खाली गेली, मग सूर का नाही लागला?

मग मी पुढचं झाकण उघडून आत दाखवते. पट्टी हातोडीला तारेपर्यंत नेऊन ठेवत नाही. ती तिला उडवते. तारेच्या अगदी जवळ आल्यावर हातोडी पट्टीपासून सुटते आणि उरलेलं अंतर आपल्याच वेगानं जाते. नाण्यांनी पट्टी इतकी सावकाश गेली की हातोडी तारेपर्यंत पोचलीच नाही. ती सुटली की तुमचं काम संपलं. त्यानंतर पट्टी कितीही दाबा, चेहरा कितीही भावपूर्ण करा, त्या सुराला काहीही होत नाही. मॅथेंचा सगळा भर इथे होता: सूर पट्टीच्या तळाशी नाही, वाटेत तयार होतो. तो लागताक्षणी जोर सोडायचा आणि पट्टी खाली राहील एवढंच वजन बोटात ठेवायचं. चौदाव्या वर्षी मी प्रत्येक पट्टी तळाशी दाबून धरत होते. त्यातून फक्त माझी शीर दुखत होती.

आपल्याकडे बहुतेकांच्या घरात पेटी असते, म्हणून हे आणखी नीट समजून घ्यायला हवं. "पेटी येते तिला, मग पियानो सोपाच जाईल ना?" असंही मला विचारतात. सूर ओळखणं, लय, बोटांची ओळख, याचा उपयोग होतोच. पण पेटीची पट्टी म्हणजे हवेचं दार. ते उघडलं की झालं. लहान-मोठं जे काही करायचं ते भात्यानं. पियानोला भाता नाही. प्रत्येक सुराचा लहानमोठेपणा त्या एका सेंटिमीटरच्या प्रवासात ठरतो. पेटीवाल्या मुलांना म्हणूनच पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त मेहनत पडते. त्यांचं बोट दार उघडायला जातं.

आता हात सोडण्याचं. वजन लागतं 50 ग्रॅम आणि पूर्ण मोकळा सोडलेला हात त्याच्या कितीतरी पट जड असतो. म्हणजे जोर निर्माण करायचा प्रश्नच फारसा नाही. आहे त्या वजनाला वाट करून द्यायची. पण त्यासाठी खांदा-कोपर अडवून धरलेले नसावे लागतात, आणि आपण ते अडवून धरलेत हे आपल्याला कळत नाही. म्हणून पहिल्या दिवशी मी मुलाचा हात माझ्या दोन्ही तळव्यांवर घेते, त्याला तो पूर्ण सोडायला सांगते आणि माझे तळवे अचानक काढून घेते. सहा-सात वर्षांच्या मुलांचा हात लगेच मांडीवर आपटतो. बारा-तेरा वर्षांच्यांचा बहुतेकदा हवेतच राहतो, आणि मूल शपथेवर सांगतं की मी सोडलाय. तो तरंगणारा हात त्यानं स्वतः बघेपर्यंत पुढचं काही सांगण्यात अर्थ नसतो.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही किल्ली फिरवतो. कुलपात किल्ली फिरवताना कोपरापासूनचा हात जसा वळतो, तसाच अंगठ्याकडून करंगळीकडे जाताना वळला पाहिजे. करंगळी दुबळी म्हणून तिला वेगळा व्यायाम देत बसायचं नाही, हाताचं वळण तिच्या पाठीशी उभं करायचं. हेही मॅथेंचं. वळण इतकं बारीक असू शकतं की बघणाऱ्याला दिसतही नाही, आणि तो मुद्दा त्यांना आयुष्यभर पुन्हा पुन्हा समजावावा लागला.

कारण लोकांनी 'सैल सोडा' एवढंच उचललं. 1905 मध्ये जर्मनीत ब्राइथाउप्टचं वजनाच्या तंत्रावरचं पुस्तक आलं आणि हात लोंबकळत ठेवून वाजवण्याची टूम निघाली. त्यातून संथ, जड वाजवणं तेवढं झालं. पुढे बॉल्टिमोरच्या पीबडी कॉन्झर्वेटरीतल्या ऑटो ऑर्टमन यांनी उपकरणं लावून मोजमापं केली. त्यांची पुस्तकं 1925 आणि 1929 मध्ये आली. पूर्ण सैल हातानं जलद वाजवताच येत नाही, काही स्नायूंना त्या त्या क्षणी घट्ट व्हावंच लागतं, हे त्यांनी दाखवून दिलं. एका सुट्या सुराचा कस हातोडीच्या वेगावर ठरतो, पट्टी 'प्रेमानं' दाबली की 'रागानं' यावर नाही, हेही. इथे मॅथेंचा अंदाज चुकला होता. पट्टी कशी खाली नेली यावरच सुराचा गोडवा ठरतो असं ते मानत. मला ऑर्टमन बरोबर वाटतात. तरीही मुलांना शिकवताना मी मॅथेंच्याच वाटेनं जाते, कारण सुराचा गोडवा शोधायला सांगितलं की मूल ऐकायला लागतं, आणि वेग मोजायला सांगितलं की बोटांकडे बघायला लागतं.

मॅथेंच्या विद्यार्थ्यांत पियानोवादक मायरा हेस होत्या. दुसऱ्या महायुद्धात लंडनचे जलसे बंद पडले, तेव्हा नॅशनल गॅलरीतली चित्रं हलवून रिकाम्या झालेल्या दालनात त्यांनी ऑक्टोबर 1939 पासून दुपारच्या मैफिली सुरू केल्या. आठवड्यातून पाच दिवस, एप्रिल 1946 पर्यंत, जवळजवळ 1,700 मैफिली. या विद्यार्थ्यांमध्ये मॅथेंचं नाव 'अंकल टॉब्ज' होतं. नाणं ठेवणाऱ्याला मुलं असं नाव देतील असं मला वाटत नाही.

व्हिएन्नाचे लेशेटिट्स्की हे त्या काळातल्या पियानो शिक्षकांतलं दुसरं मोठं नाव. माझी पद्धत अशी काही नाहीच, असं ते म्हणत. पण त्यांच्याकडे जाण्याआधी मदतनीस शिक्षक विद्यार्थ्यांचा हात घडवून घेत, आणि त्यांतल्या मालविने ब्रे यांनी 1902 मध्ये लेशेटिट्स्कींच्या हाताची छायाचित्रं घालून पद्धतीवर पुस्तकच लिहिलं. लोक छायाचित्रं बघून हात तसा वळवत बसले. स्वतः लेशेटिट्स्की मात्र समोरच्या मुलाकडे बघून ठरवत. पुढे मोठा पियानोवादक झालेला आर्तुर श्नाबेल नऊ वर्षांचा असताना त्यांच्याकडे आला. तू नुसता पियानोवादक होणार नाहीस, तू संगीताचा माणूस आहेस, असं त्यांनी त्याला सांगितलं आणि बाकीचे विद्यार्थी लिस्टच्या हंगेरियन ऱ्हॅप्सडी वाजवत असताना त्याच्या हाती शूबर्टचे सोनाटा दिले. ते त्या वेळी फारसं कुणी वाजवत नसे. शूबर्टचे सोनाटा पुढे मैफलीत मानानं वाजू लागले त्यात श्नाबेलचा वाटा फार मोठा आहे.

आणि गाणं कधी? गाणं पहिल्या दिवसापासूनच असतं, फक्त ते बोटांत नसतं. मुलं गातात. इंग्लंडमध्ये ॲनी कर्वेन यांनी 1886 पासूनच्या आपल्या पियानो पद्धतीत शिक्षकांना बजावून ठेवलं होतं की वस्तू आधी द्या, खूण नंतर. सूर आधी, कागदावरचा टिपका मागाहून. आपल्या मुलांना सा कुठेही धरून गाता येतो, ही त्यांच्याजवळची मोठी शिदोरी आहे. 'सांग सांग भोलानाथ' ज्याला नीट गाता येतं, त्याला ते पाचव्या-सहाव्या आठवड्यात पट्ट्यांवर शोधायला मी सांगते. तोवर हात मोकळा झालेला असतो आणि शोधायला कान असतो.

गेल्या महिन्यात नाण्याचा प्रश्न विचारणाऱ्या एका बाबांना मी आत बोलावून खुर्चीवर बसवलं. लहानपणी पाच वर्षं शिकले होते. त्यांचा हात माझ्या तळव्यांवर घेतला, सोडा म्हटलं आणि तळवे काढले. हात जिथल्या तिथे. पुन्हा केलं. पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटून घेतले, तरी मनगट खाली गेलं आणि कोपर वरच राहिलं. त्यांचा सात वर्षांचा मुलगा शेजारी स्टुलावर बसून नाणी रचत होता. त्यानं मान वर करून बघितलं आणि म्हणाला, "बाबा, खांदा पण सोडायचा असतो."